डोळ्याखालचा भोवरा

माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, तेही लग्नाआधी बार्शीच्या शाळेत झालेले. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर तर पहिल्यापासून कोंबडीने उकरल्यासारखे आहे. कुणाच्या हाती ही पाने लागली तर त्याने तेवढे पोटात घालावे.

आमच्या घरचे निजामाच्या पोलिसात अमीन होते. अमीन म्हणजे आता ज्याला फौजदार म्हणतात तो. नोकरी संपल्यावर ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला जुन्या केसी सांगतात. त्यात घोड्यांची केस सगळ्यात जास्त वेळा. "ती एक गोष्ट काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही," असे म्हणून ते पाय वर घेऊन बसतात आणि मी आत ओळखते, की आता चहाला दोन कप वाढले. ते सांगतात ते खरेच असते. पण त्यातली निम्मी गोष्ट माझ्या परसात घडली आणि परसात ते संध्याकाळीच यायचे. एकदा मी दाराआडून म्हटले, "तसं नव्हतं ते." तर म्हणाले, "मग तू लिही. मला उर्दूत पंचनामा येतो, मराठीत सही. फक्त नाव कुणाचं घालू नकोस. माणसं गेली असतील, त्यांची लेकरं आहेत." म्हणून लिहिते आहे. कुणाला दाखवायचा विचार नाही.

तेव्हा आम्ही परंड्याच्या बाजूच्या एका ठाण्यावर होतो. तिकडे जर्मनीची मोठी लढाई चालली होती. हद्दीच्या पलीकडे बार्शी इंग्रजांची, अलीकडे आम्ही निजामाचे. पलीकडचे ठेकेदार पलटणीसाठी घोडी-तट्टे विकत घेत आणि भाव चांगला देत.

एका सकाळी जवानांची हजेरी चालू असताना एक धनगर ठाण्यात आला. यांनी बस म्हटले तरी बसेना.

"साहेब, वढ्याच्या अंगाला जुनं दगडी वाडगं हाय. त्यात घोडी कोंडल्यात. पाणी न्हाय, वैरण न्हाय. माझी मेंढरं तिकडनं जायला भेत्यात."

हे नेहमी सांगतात, की स्वतःचे गाऱ्हाणे घेऊन आलेला माणूस आधी बसतो, मग बोलतो. दुसऱ्याचे घेऊन आलेला उभाच राहतो. उभ्या माणसाचे ऐकून लगेच निघावे.

त्या वाडग्यात सात घोडी निघाली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था. एक तर आडवीच पडलेली होती. राखणीला एक म्हातारा होता. पंचनामा झाला. जनावरांना एकदम पाणी पाजले तर पोट फुगून मरतात, म्हणून जवानांनी घमेल्याने थोडे थोडे पाजत त्यांना गावात आणले. आडवी पडलेली घोडी चौघांनी उठवून, दोन्ही बाजूंनी खांदा देऊन चालवत आणली. म्हाताऱ्याला यांनी हवालातीत न टाकता ओसरीवर बसवले आणि चोरीचे काहीच न विचारता घोड्यांच्या खाण्यापिण्याचे विचारत राहिले. तो एवढेच सांगू शकला, की एक माणूस घोडी आणून सोडतो, पुरेशी जमली की पलीकडे नेतो, आणि "साहेब, चोरीची न्हाईत. लोकांनी आपल्या हातानं सोडलेली हाईत."

आजूबाजूच्या सगळ्या ठाण्यांत विचारणा झाली. घोडे चोरीला गेल्याची एकही तक्रार नव्हती. माल आहे, तोही मरायला टेकलेला, आणि मालक नाही.

आता अडचण अशी, की गावच्या कोंडवाड्यात आधीच गुरे दाटली होती आणि घोड्यांच्या चंदीला, म्हणजे दाणावैरणीला, सरकारी पैसा नव्हता. कायद्यात एक वाट होती. जप्तीचे जनावर सुपुर्दनामा लिहून एखाद्या घरी सांभाळायला द्यायचे. मालक सापडला तर त्याने सांभाळण्याचा खर्च भरून जनावर न्यायचे. मुदतीत नाही सापडला तर हर्रास, म्हणजे लिलाव. यांनी गावातल्या कुंभाराला, तेल्याला, टांगेवाल्याला बोलावले. ते आले, घोड्यांची तोंडे पाहिली आणि मागे सरकले.

सातही घोड्यांच्या डाव्या डोळ्याखाली भोवरा होता. म्हणजे केसांचा पिळा, माणसाच्या टाळूवर असतो तसा. आमच्याकडे समजूत आहे, की डोळ्याखाली भोवरा असलेला घोडा मालकाचे घर रडवतो. हिंदू मानतात, मुसलमानही मानतात. कुंभार म्हणाला, "साहेब, ठाण्यात झाडलोट करतो, माठ फुकट देतो, पर हे नको."

दुसऱ्याला सांगायचे तर आधी आपण करावे, म्हणून यांनी त्यातली सगळ्यात वाईट, तीच उठवून आणलेली घोडी, आमच्या परसात आणून बांधली.

सासूबाई दारातच बसल्या. "माझ्या जित्तेपणी ही अवदसा घरात आणलीस व्हय रे? सात घरचं रडं एका दारात?"

"सात न्हाय, आई. एकच आणली."

"एकच पुरंल!"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन तू गं? तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

मी कुणापुढेच फार बोलत नसे. भीती मलाही वाटत होती. पण घोडीचे डोळे माशांनी भरले होते आणि मान हलवायचीही ताकद तिच्यात नव्हती. मी पदराने माशा हाकल्या. ती कलली आणि तिने सगळे तोंड माझ्या खांद्यावर टाकले. त्या दिवसापासून ती माझ्याकडे राहिली.

आमचे बघून कुंभाराने एक घोडी नेली, मग तेल्याने, मग बाकीच्यांनी. कुणी दारात लिंबू-मिरची बांधली, कुणी दर्ग्यातून ताईत आणून घोड्याच्या गळ्यात घातला. पण नेली.

मी तिला आधी कोंड्याचे पातळ पाणी पाजले, मग भिजवलेली हुलग्याची मूठ, मग हळूहळू कडबा. चंदीचे पैसे मी माझ्या साठवणीतून घालत होते. माशांसाठी मी तिच्या तोंडाला करंजाचे तेल चोळायची. कडू वासाने माशा बसत नाहीत. रोज सकाळी डोळ्याभोवती, कपाळावर, गालावर चोळायची.

काही दिवसांनी बोटाला काहीतरी चिकट लागले. भोवऱ्याचे केस मोकळे होत होते. मी आणखी तेल लावले, फडक्याने पुसले आणि केस सरळ खाली बसले. हात फिरवला तर गाल मांजराच्या पाठीसारखा गुळगुळीत. भोवरा नाहीच.

मी घाबरून सासूबाईंना हाक मारली. त्या लांबूनच बघत होत्या, मग जवळ आल्या, मग अगदी नाक लावले. फडक्याला लागलेली चिकट गोळी त्यांनी बोटांत घेऊन ताणली. तार निघाली.

"वडाचा चीक हाय हा," त्या म्हणाल्या. "लहानपणी आमच्या डोस्क्याला लागायचा. पाण्यानं जात न्हाय मेला, तेलानंच जातो." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हंजी कुण्या मुडद्यानं केस वळवून चिकटवलं. देवानं न्हाय."

संध्याकाळी हे आले तर सासूबाईंनीच त्यांना हाताला धरून परसात नेले. जणू घोडी पहिल्यापासून त्यांनीच पाळली होती. हे तसेच तेलाची बुधली घेऊन कुंभाराकडे गेले, तेल्याकडे गेले. सातही भोवरे तेलाने सुटले.

फसवणूक झाली हे कळले, पण फसलेला कोण आणि फसवणारा कोण हे कळेना. दवंडी दिली. कुणी आले नाही. उलट पलीकडच्या ठेकेदाराचा एक माणूस दोन-दोन दिवसांनी ठाण्यात येऊन गोडीने विचारायचा, "हर्रास कधी, साहेब?" हे म्हणायचे, "घोड्यांना मालक नाही, पण गिऱ्हाईक आहे. मुदत संपली की माझ्या हातात काही नाही. मला बोली लावणाऱ्याच्या हातात ती द्यावीच लागतील." मी परसात जाऊन घोडीला कडबा टाकला. घोडीच्या बरगड्या आता झाकत आल्या होत्या.

मुदत संपत आली होती तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे एक मुसलमान चुडीवाली यायची. तिला सगळ्या बायका चाची म्हणायच्या. गावोगावच्या बाजारांना ती घोडीवर बांगड्यांच्या पेट्या लादून जायची. त्या दिवशी ती डोक्यावर टोपली घेऊन चालत आली. पाय सुजलेले. मी हात पुढे केला, ती बांगडी चढवू लागली. माझ्या मनात एक प्रश्न आला. ही आधी घोडीवर यायची; घोडी बाहेर रस्त्यावरच बांधून आत येई, मी ती कधी जवळून पाहिली नव्हती. माझा हात तिच्या हातात होता, म्हणून की काय, मला धीर झाला.

"चाची, तुमची घोडी कुठंय?"

तिचे बोट थांबले. "छोड दी, बाईसाब."

"विकली?"

"बेचती तो पाप लगता. अल्ला के नाम पे छोड दी." मग हलक्या आवाजात म्हणाली, "नजर खराब थी उसकी. आंख के नीचे भंवरा निकला. जमाई बीमार पडा ना मेरा."

"आधी होता भोवरा?"

"नई ना! छोटी थी तबसे मैं उसे खरारा करती. कभी नई देखी. बाजार में एक पारखी बैठता, उन्ने बुलाया, अंगूठा फेरा, बोला, ये देखो. मैं देखी तो सच्ची था. उसीच के हवाले कर दी, पीर के नाम पे छोडने कू."

मी तिचा हात घट्ट धरला. "चाची, जरा परसात या."

ती आली, पण उंबऱ्यापाशीच थांबली. घोडीने कान टवकारले आणि गळ्यातून बारीक आवाज काढला. चाचीने पदर तोंडावर ओढला आणि "नक्को, नक्को, मेरे सामने मत लाओ" म्हणत उलट्या पावली निघून गेली. टोपली आमच्याच ओसरीवर राहिली.

संध्याकाळी मी यांना सगळे सांगितले. एवढे सलग मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. सगळे ऐकून म्हणाले, "देवाच्या नावानं सोडलेल्या जनावराची कुणी विचारपूस करत नाही. म्हणून तक्रार नाही. त्यानं चोरी केलीच नाही, लोकांकडून करवून घेतली."

तो पारखी भूमच्या आठवडी बाजारात बसायचा. तिथल्या ठाण्याला कळवून हे स्वतः गेले. स्वतःचा सरकारी घोडा घेतला आणि एका जवानाला धोतर-पटका नेसवून शेतकरी केला. त्याला वाटेत चार वेळा सांगावे लागले, की ढांगा टाकत चालू नको, शेतकरी कवायत करत नसतो. बाजारात शिरण्याआधी दोन पंचांना घोड्याचे तोंड नीट दाखवले. भोवरा नाही, असे त्यांच्या तोंडून वदवून घेतले.

पारखी म्हणजे मोठा सभ्य माणूस. पांढरा सदरा, गळ्यात रुद्राक्षही आणि मनगटाला हिरवा गंडाही. त्याने घोड्याच्या दातांवरून, मानेवरून हात फिरवला, अंगठा डोळ्याखाली नेला, आणि एकदम मागे झाला.

"पाटील, घरात कुणी आजारी हाय?"

"सासू," जवान म्हणाला. त्याची सासू खरेच आजारी होती.

"मग बरोबर. हे बगा. आसवांचा भोवरा. हे जनावर ठिवलं तर ती जगत न्हाय."

"नक्की न्हाय जगत?"

"न्हाय."

जवान विचारात पडला. पंचांना हसू आवरेना. नंतर तो ठाण्यात म्हणाला, "साहेब, खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, ठेवावंच."

पारखी पुढे म्हणाला, "विकू नका, पाप फिरून येतंय. माझ्या हवाली करा. अणदूरला खंडोबाच्या नावानं सोडून येतो." चाचीला त्याने पीराचे नाव सांगितले होते. गिऱ्हाईक पाहून देव बदलायचा. तेव्हा हे गर्दीतून पुढे झाले, पंचांना भोवरा दाखवला, खिशातून माझ्या करंजाच्या तेलाची बुधली काढली आणि सगळ्या बाजारासमोर तो पुसून टाकला. पारख्याच्या अंगठ्याचे नख लांब वाढवलेले होते. त्याच्या खाली चीक भरलेला सापडला.

ठाण्यात तो दोन दिवस एकच बोलत राहिला. "मी कुणाचं घोडं सोडवून नेलं न्हाय. त्यांनीच दिलं." त्या काळी ठाण्यात बोलते करायचे दुसरे मार्ग होते आणि ते सगळ्यांना माहीत होते. यांनी काठी भिंतीलाच ठेवली. त्यांनी राखणीच्या म्हाताऱ्याला आणून पारख्यासमोर बसवले आणि म्हाताऱ्याला विचारले, "तुला पगार किती ठरला होता?" म्हातारा म्हणाला, "ठरला व्हता, मिळाला न्हाय. वैरणीचं पैसं खाल्लं, पगारबी ह्यानंच बुडवला." आणि तो पारख्याला असा काही शिव्या द्यायला लागला, की पारखी चिडून म्हणाला, "मला तरी ठेकेदाराच्या माणसानं कुठं दिला पुरता?" झाले. हर्रासची तारीख विचारायला येणारा माणूस पुढच्या खेपेला आला तो आतच गेला.

यांना वाटले, आता मालक येतील. पुन्हा दवंडी दिली, की भोवरा खोटा होता, या आणि घोडी घेऊन जा. तरी कुणी येईना. माणसाच्या मनात भीती एकदा शिरली की ती सरकारी दवंडीने निघत नाही. कोण म्हणे, साहेबाला खर्च वसूल करायचाय म्हणून सांगतो. कोण म्हणे, भोवरा पुसला तरी दोष राहतोच. आणि हर्रास दोन दिवसांवर आली. एक ठेकेदार अडकला तरी पलीकडे ठेकेदार पुष्कळ होते.

चाची टोपली न्यायलासुद्धा येईना. मग मीच गेले. अमीनाची बायको चुडीवाल्यांच्या गल्लीत पायी आली म्हणून बायका दारात जमल्या. मी चाचीला म्हटले, "टोपली पाहिजे तर चला. नाहीतर मी बांगड्या वाटून टाकते." ती हसली आणि उठली. तिच्यामागे आणखी पाच-सहा जणी आल्या.

सासूबाईंनी मी सांगितल्याप्रमाणे वडाचे पान तोडून आणले होते. त्याच्या देठाचा चीक मी अंगठ्यावर घेतला. घोडीचा उजवा गाल, ज्याला कुणी कधी हात लावला नव्हता, त्यावर मी अंगठा गोल फिरवला आणि धरून ठेवला. मग बाजूला झाले.

उजव्या डोळ्याखाली भोवरा उमटला होता. डाव्यापेक्षा चांगला.

एक बाई "या अल्ला" म्हणाली. मी तेलाची वाटी चाचीपुढे धरली. "आता तुमच्या हातानं पुसा."

तिने आधी माझ्या अंगठ्याला बोट लावून चीक ताणून पाहिला. मग तेलात बोट बुडवले आणि घोडीच्या गालाला लावले. चोळत गेली, चोळत गेली. केस सुटले, तसा तिचाही बांध सुटला. घोडीच्या गळ्यात पडून म्हणाली, "चमकी, मैं अंधी हो गई थी गे." घोडीचे नाव चमकी. तिचे नाव घातले तर यांची हरकत नसावी.

सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बगा, शेवटी रडवलंच घोडीनं." सगळ्या हसल्या.

त्या बायका आपापल्या बाजारांना गेल्या आणि बांगड्या भरता भरता त्यांनी गोष्ट जिथे तिथे पोचवली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी तीन मालक ठाण्यात उभे होते. एकाने तर घरून तेलाची वाटी आणली होती. उरलेल्या तीन घोड्यांना कुणी आले नाही. हर्रासच्या वेळी कुंभार, तेली आणि टांगेवाला आपापल्या दारातली घोडी पाठीशी घालून असे उभे राहिले, की दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही. माठ देतो पण घोडी नको म्हणणाऱ्या कुंभाराने दारातली लिंबू-मिरची केव्हाच काढून टाकली होती. "पोरं रडत्यात हो तिच्याबिगर," एवढेच तो म्हणाला.

हे आजही सांगतात, की नोकरीत मी एक गोष्ट त्या केसमध्ये शिकलो. तक्रार आली नाही म्हणजे गुन्हा झाला नाही असे धरू नये. माल गेला तर माणूस ठाण्यात येतो. धीर गेला तर घरात बसतो. त्याला शोधत आपल्याला जावे लागते. आणि एवढे झाल्यावर, पुष्कळ वर्षांनी, आता म्हणतात, "जायला मी नव्हतो, हीच गेली होती."

खर्चाचे मात्र त्यांनी सोडले नाही. मी म्हटले, चाचीचे राहू द्या. ते म्हणाले, "अमीनानं माफ केलं तर लोक विचारतील, बदल्यात काय घेतलं." चाचीलाही फुकट नको होते. "खैरात नक्को, उधार रखो," ती म्हणाली. दर खेपेला येई, बांगड्या भरून झाल्या की कमरेच्या पिशवीतून एक-दोन आणे काढून माझ्या हातावर ठेवी. मी घेत असे. न घेतले असते तर ती आली नसती.

मग ते वाईट वर्ष आले. निजाम गेला, हुकूमत बदलली. गावागावांत जे झाले ते लिहायला माझा हात चालत नाही. आमची बदली झाली. चाचीची गल्ली रिकामी झाली असे ऐकले, आणि पुढे काहीच ऐकायला आले नाही. मी यांना विचारायचे टाळत असे. त्यांनी न विचारताच दोनदा माणूस पाठवून चौकशी केली होती हे मला नंतर कळले.

पुढच्या वर्षी तुळजापूरकडच्या आमच्या नव्या ठाण्यावर एका दुपारी दारात टापा वाजल्या. चाची घोडीवरून उतरत होती. वाळली होती, केस पिकले होते. चमकीच्या दोन्ही बाजूंना बांगड्यांच्या पेट्या होत्या. गावोगाव विचारत ती इथवर आली होती.

"जिंदा हूं, बाईसाब," ती म्हणाली. "जमाई भी है. हद्द के उधर भाई के पास थे हम."

मी तिला आत बोलावले. ती उंबरा ओलांडून थेट चुलीपर्यंत आली आणि बसली. पाणीही घेतले नाही, आधी पिशवी सोडली. निजामाचे हाली आणे होते, आणि नवे कलदारही, म्हणजे हिंदुस्थानचे नाणे. तिने ते माझ्या हातावर ठेवले.

"गिन लो."

"राहू द्या, चाची."

"नई. गिन लो."

मी मोजले. पुरे होते.

"पुरे झाले," मी म्हटले.

"हौ," ती म्हणाली. "अब पानी दो."